‘आणि पार्टी’तली माणसं

टेक्सासातल्या फ्रिस्कोमध्ये मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की तिसरा प्रश्न ठरलेला असायचा. पहिला, गाव कुठलं. दुसरा, इकडे कधी आलात. आणि तिसरा, कुठल्या कंपनीत. मी सांगायचे, इथल्या एका दैनिकात कंट्री म्युझिकची समीक्षा लिहिते. समोरच्याचा घास हातातच राहायचा. एकदा एका काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, ‘‘पण मिस्टर आयटीत आहेत ना तुझे?’’ आहेत म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या काकूंचं चुकलं नव्हतं. नागपूरच्या एका वस्तीत भीमगीतं ऐकत वाढलेली बाई टेक्सासात येते आणि मोठ्या टोप्या घातलेल्या गोऱ्या माणसांची गाणी तपासून त्यांना तारे वाटते, हे मलाही कधी कधी खरं वाटायचं नाही. इंग्रजीत एम. ए. केलं होतं, नागपूरच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. ग्रीन कार्ड हातात आलं आणि डॅलसच्या उत्तरेला निघणाऱ्या एका छोट्या दैनिकात कॉपी तपासायची नोकरी मिळाली. आमचा कंट्रीवर लिहिणारा गडी नोकरी सोडून गेला. कुणालाच त्या गाण्यांत रस नव्हता. पुरवणीचा संपादक डग याने एका दुपारी सगळ्यांना विचारलं, आजच्या मैफलीला कोण जाणार, आणि मी हात वर केला. मला फुकट गाणं ऐकायचं होतं, एवढंच.

समीक्षा म्हटल्यावर वाचकांनी घाबरू नये. आमचं काम साधं होतं. अल्बम बाजारात यायच्या काही आठवडे आधी कंपनीकडून एक सीडी यायची. पांढरं पाकीट, वर गायकाचं नाव, आत ना फोटो ना पुस्तिका. ती ऐकायची, आवडली का ते सांगायचं, का ते पटवून द्यायचं आणि पाचपैकी तारे द्यायचे. मी सीडी घरच्या स्टिरिओवर ऐकत नसे. गाडीत ऐकायचे. कंट्रीचा श्रोता ती त्याच्या ट्रकमध्येच ऐकणार असतो, आणि इंजिनाच्या घरघरीत जे ऐकू येत नाही ते त्याच्या हिशेबी गाण्यात नसतंच.

लेखाची लांबी इंचांत मोजायची. मला बारा इंच मिळायचे. पण पान जायच्या दिवशी टायरवाल्याची जाहिरात आली की बाराचे नऊ व्हायचे, आणि ही कापाकापी नेहमी खालून चालायची. पान लावणाऱ्याला लेख वाचायला वेळ नसतो. तो शेवटचा परिच्छेद उचलतो आणि टाकतो. म्हणून इथले बातमीदार महत्त्वाचं ते वर लिहितात आणि सांडलं तरी चालेल ते खाली. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. मान डोलावून मी ते ऐकलं आणि पुढची दोन वर्षं नेमकं उलटं करत राहिले.

त्याचं कारण माझे वडील. आमच्याकडे भीमजयंतीला गायन पार्ट्या यायच्या. एक गायक, मागे कोरस, ढोलक, पेटी आणि बेंजो. हा आपला बेंजो, इथल्या कंट्रीतला गोल पोटाचा नव्हे. लांबट लाकडी पेटीवर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. पुढ्यात आडवा ठेवून वाजवायचा. माझे बाबा दिवसा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि जयंतीच्या महिन्यात बेंजो वाजवायचे. भिंतीवर पोस्टर लागायची. गायकाचं नाव वीतभर अक्षरांत, आणि त्याखाली ‘आणि पार्टी’. दोन गायक समोरासमोर येणार असले की तो दुरंगी सामना. मग नावं दोन आणि ‘आणि पार्टी’ही दोनदा. मी पोस्टरवर बोट फिरवत विचारायचे, बाबा, तुमचं नाव कुठे आहे? ते माझं बोट धरून ‘आणि पार्टी’वर आणून ठेवायचे. त्यांना त्यात कमीपणा वाटत नव्हता. मला मात्र राग यायचा, आणि तो राग मी सामानात भरून टेक्सासला आणला असणार.

म्हणून माझ्या प्रत्येक लेखाच्या शेवटी एक ओळ असायची : ड्रम्सवर अमुक, फिडलवर तमुक. मराठीत कार्यक्रमाचा वृत्तांत लिहिताना ‘साथ कोणी केली’ हे शेवटीच लिहितात, तेच वळण माझ्या हाताला होतं. शुक्रवारी पेपर उघडावा तर ती ओळ गायब. टायर तेवढे छापलेले. मी डगकडे तक्रार करायचे. तो टेबलावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला असायचा. म्हणायचा, वाचक गायकासाठी पैसे मोजतो, ड्रमवाल्यासाठी नाही. पुढच्या आठवड्यात मी ती ओळ पुन्हा शेवटीच लिहायचे.

२००४ च्या शेवटी ते गाणं आलं. गायकाला हार्लन म्हणू आणि गायिकेला मारिसा. खरी नावं सांगत नाही. हार्लन आमच्या टेक्सासचा. त्याच्या गाण्यात शेत, आई, देव, घटस्फोट आणि जुना ट्रक, कधी कधी पाचही एकाच गाण्यात. मारिसा पॉपवाली, वयाने त्याच्या अर्धी, आवाज नव्या भांड्यासारखा लखलखीत. या दोघांनी मिळून एक प्रेमगीत गायलं आणि ते पॉप रेडिओवर वाजू लागलं. कंट्रीचा गायक पॉपच्या बाजारात उतरला की त्याला इथे क्रॉसओव्हर म्हणतात, आणि कंट्रीवाले त्याला साधारण घर सोडून पळालेल्या मुलासारखं वागवतात.

समीक्षक तुटून पडले. नॅशव्हिल म्हणजे कंट्रीची पंढरी, तिथल्यांनी लिहिलं, हा टोपी बाहेर ठेवून गायला. कुणी म्हणालं, हे युगुलगीत नसून दोन कंपन्यांचा करार आहे. न्यू यॉर्कच्या पॉप समीक्षकांनी मारिसाचं कौतुक केलं आणि हार्लनला पाहुण्यासारखं एका वाक्यात निपटवलं. आमच्या घरी वेगळीच तऱ्हा. माझी दहा वर्षांची मुलगी म्हणायची, ‘‘एव्हरीबडी हेट्स दॅट साँग, मॉम,’’ आणि तेच गाणं पुन्हा लावायची.

त्याच आठवड्यात डगने मला केबिनमध्ये बोलावलं. वरच्यांनी ठरवत आणलं होतं की स्थानिक समीक्षा बंद करायची आणि बातम्यांच्या एजन्सीकडून तयार लेख घ्यायचे. एक शेवटचा लेख पाहून निर्णय होणार होता आणि तो या गाण्यावरचा. पहिल्या पानावर जागा, मोठा फोटो. डगने मला हवं तसं लिहायला सांगितलं, पण एक उत्तर मात्र हवंच म्हणाला : आपला माणूस विकला गेला की नाही?

रात्री जेवताना मी नवऱ्याला, प्रशांतला, हे सांगितलं. तो चंद्रपूरचा, स्वभावाने टेस्टर. चूक होण्याआधीच त्याला दिसते. म्हणाला, ‘‘अगं, कॉलमच क्लोज करतायत तर कशाला रिस्क घेतेस यार? सगळे झोडतायत ना, तूही झोड. सेफ आहे.’’ त्याचं म्हणणं अगदी पटण्यासारखं होतं. मी झोडायच्या तयारीनेच दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन गाडीत बसले.

इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं तेव्हा गाणं मध्यावर होतं. दुसऱ्या कडव्यानंतर मारिसा थांबते, हार्लन अजून सुरू व्हायचा असतो. त्या फटीत मागून काहीतरी रडल्यासारखं वाजलं आणि विरलं. गाडी चालू असताना ते मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. मी गाणं मागे नेलं, पुन्हा ऐकलं. ती स्टील गिटार होती.

स्टील गिटार म्हणजे पायांवर उभं केलेलं एक छोटं टेबलच. वर आडव्या तारा, डाव्या हातात लोखंडाचा तुकडा, तो तारांवरून सरकवायचा, खाली पायांनी पेडल दाबायची. सूर एका जागेहून दुसरीकडे घरंगळत जातो. कंट्री ओळखायची ती याच आवाजावरून. म्हणूनच गाणं पॉपच्या बाजारात न्यायचं झालं की पहिला बळी हिचा जातो. एकाच गाण्याच्या दोन प्रती काढतात. कंट्री रेडिओसाठी स्टील मोठी, पॉपसाठी जवळजवळ पुसलेली. माझ्याकडची प्रत पॉपची होती. सगळं पुसून झालं होतं आणि एवढीशी एक फट राहून गेली होती. दोन मोठे गायक जे सांगायला धडपडत होते, ते या बाईंनी किंवा बुवांनी दोन श्वासांत सांगून टाकलं होतं. मी कोथिंबीर न घेताच परत आले.

कोण वाजवतंय हे कळायला पुस्तिका नव्हती. मी नॅशव्हिलला कंपनीच्या प्रसिद्धीवाल्या मुलीला फोन केला. तिने आधीच विचारलं, मारिसाची मुलाखत हवी का. मी म्हटलं, नको, स्टील कोणी वाजवली ते हवंय. मग ती म्हणाली की हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही ठाऊक नाही. शोधून सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला, तर स्टुडिओतून उत्तर आलं नव्हतं. पान गुरुवारी दुपारी जायचं होतं.

या वेळी मला शहाणपण आलं. कात्री खालून चालते ना, मग साथ वर. मी पहिलं वाक्य लिहिलं : या युगुलगीतात तिसराही एक आवाज आहे आणि तो अमुक यांचा आहे. ‘अमुक’च्या जागी रिकामी रेघ. पुढे लिहिलं की गाणं मध्यम आहे, शब्द गुळगुळीत आहेत, मारिसा छान गाते आणि हार्लन थोडा अवघडून उभा आहे. तो विकला गेला का, तर नाही; तो पाहुणा म्हणून गेला आणि पाहुण्यासारखा जपून वागला. पण त्याचं गाव त्याच्या मागे बसलंय, आवाज बारीक केलेला, आणि ते गाव ऐकायचं असेल तर ट्रकचं इंजिन बंद करा. तारे तीन.

गुरुवारी सकाळी डगने ते वाचलं. बिया सोलायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

‘‘हेडलाइनमध्ये हार्लन आहे,’’ तो म्हणाला, ‘‘फोटोत मारिसा आहे, आणि पहिल्या वाक्यात रिकामी जागा आहे.’’

‘‘नाव येईल.’’

‘‘नाही आलं तर?’’

‘‘तर पहिलं वाक्य काढ. मग उरेल तो लेख तुला एजन्सीकडूनही मिळेल.’’

हे मी कुठल्या बळावर बोलले देव जाणे. आम्ही देव मानत नाही, पण तेव्हा तो शब्द आठवला खरा. डगने पान तसंच लावायला पाठवलं, रेघेसकट. मी फोनजवळ बसून राहिले. शेजारच्या टेबलवरच्या क्रीडा बातमीदारालाही आता उत्सुकता लागली होती. त्याने माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली. पान जायला थोडाच वेळ उरला असताना फोन वाजला. प्रसिद्धीवाली मुलगी धापा टाकत होती. ती स्वतः स्टुडिओत जाऊन विचारून आली होती. नाव होतं वेंडेल पिकेट. राहणार आमच्यापासून तासाभरावरच्या एका गावात. मी स्पेलिंग दोनदा विचारलं आणि पान लावणाऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहून ती रेघ स्वतः भरून घेतली.

त्या दिवशीही टायरवाला आला. तीन इंच गेले. मारिसाच्या व्हिडिओबद्दलचा परिच्छेद उडाला आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आमच्या वाचकांमध्ये एक मिसेस ओडेल होत्या. गुरंढोरं पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याची विधवा. दर शुक्रवारी सकाळी फोन करून माझ्याशी भांडायच्या. पहिल्या फोनवर त्यांनी विचारलं होतं की मी मूळची कुठली, आणि नागपूर म्हटल्यावर ते ओक्लाहोमात आहे का असंही विचारलं होतं. त्या शुक्रवारी त्यांचा आवाज नरम होता. त्यांनी ट्रक बंद करून गाणं ऐकलं होतं. गाणं टाकाऊच आहे म्हणाल्या. ‘‘पण तो म्हातारा छान वाजवतो.’’

मी विचारलं, म्हातारा आहे हे कशावरून?

‘‘हनी, तरण्या माणसाला इतकं कमी वाजवणं जमत नाही.’’

मी दोन वर्षं समीक्षा लिहीत होते, पण त्या गाण्यावरचं सगळ्यात चांगलं वाक्य त्या बाईंचं होतं. पुढच्या आठवड्यात पत्रं आली. काही रागाची, हार्लनला सोडलंच कसं म्हणून. पण बरीचशी निराळीच होती. लोकांनी आपापले वाजवणारे कळवले. कुणाचा काका फिडल वाजवायचा, कुणाच्या चर्चमधली बाई पियानो वाजवत होती. त्या माणसांचं नाव कधी कुठे आलं नव्हतं, ते आता लोक स्वतःहून पाठवत होते. डग ती पत्रं घेऊन वरच्यांकडे गेला. परत आला तेव्हा म्हणाला की एजन्सीचे लेख सध्या नकोत. आणि अजून एक गोष्ट त्याने केली, ती माझ्या मते त्याच्या नोकरीतली सगळ्यात मोठी. ताऱ्यांच्या शेजारी, लेखाच्या डोक्यावर, एक चौकट आखून घेतली : साथ कोणाची. तिथे कात्री पोहोचत नाही. त्या चौकटीत पुढची तीन-साडेतीन वर्षं दर आठवड्याला ड्रमवाले, फिडलवाले, कोरसमधल्या बायका अशी माणसं नावानिशी छापली गेली. जॅझवर लिहिणाऱ्यानेही तशीच चौकट मागून घेतली.

वेंडेलचा फोन आला तेव्हा कोण बोलतंय ते मला आधी कळलंच नाही. अत्यंत हळू बोलणारा माणूस. म्हणाला, मंगळवारी दुपारी आमच्या गावातल्या हॉलमध्ये वाजवतो, म्हातारी मंडळी नाचायला येतात, वेळ असेल तर या. मी गेले. उंच, वाकलेला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. त्याने सांगितलं की मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्याने पूर्ण गाणंभर वाजवलं होतं. मग निर्माता दर वेळी म्हणत गेला, अजून कमी. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल, तसं विचारलंही.

‘‘मॅडम, कमी करा म्हटलं तर मी कमी करतो,’’ तो म्हणाला. ‘‘पण उरतं ते नीट वाजवतो. ते ऐकलं कुणीतरी.’’ मग म्हणाला, ‘‘बायकोला इतकी वर्षं संशय होता की मी रेकॉर्डिंग सांगून मासे मारायला जातो. तिने तुमचा पेपर फ्रीजवर लावलाय.’’

त्या दुपारी तो माझ्यासमोर स्टीलवर वाकून बसला, वाद्य पुढ्यात आडवं, नजर खाली, समोर नाचणाऱ्यांकडे लक्षच नाही. मी ही बैठक आधी पाहिलेली होती.

घरी येऊन मी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. बाबांना लेख वाचून दाखवला, एकेक वाक्य मराठीत करत. त्यांनी संपल्यावर विचारलं, ‘‘वाजवते कसा तो? मांडीवर घेऊन का खाली ठेवून?’’

‘‘पुढ्यात ठेवून, बाबा. आडवं असतं.’’

‘‘मंग आपल्यासारखंच.’’ त्यांचा आवाज खुलला होता. ‘‘चांगलं केलं तू. आपल्याकडचा पेपरवाला अजूनबी ‘आणि पार्टी’च लिहिते.’’

आम्ही दोघंही हसलो. त्यांनी वेंडेलचं नाव पुन्हा विचारून घेतलं, आणि नंतरच्या प्रत्येक फोनवर विचारायचे, तुह्या विंडलचं कसं काय.

२००८ मध्ये पेपरात कपात आली आणि पुरवणीच बंद झाली. डग, मी, जॅझवाला एकाच दिवशी खोकी घेऊन बाहेर पडलो. चौकटही गेली. मी आता एका सॉफ्टवेअर कंपनीत मदतपुस्तिका लिहिते. त्यांवर कंपनीचं नाव असतं, माझं नसतं. म्हणजे मीही अखेर ‘आणि पार्टी’त गेले. मंडळातल्या काकू खूश आहेत. पण कुणी विचारलं की आयुष्यात काय केलं, तर मी त्या चौकटीबद्दल सांगते, आणि ताठ मानेने सांगते. मिसेस ओडेल राहिल्या नाहीत. वेंडेल गेल्याचं त्याच्या बायकोने कळवलं होतं. बाबाही गेले. त्यांचा बेंजो मी फ्रिस्कोला आणला आहे. दोन बटणं अडकतात, पण तारा त्यांनीच लावलेल्या आहेत, म्हणून बदलत नाही. इतकी वर्षं इतक्यांची नावं मी छापली. त्यांचं नाव कुठेच आलेलं नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी शब्दांची मर्यादा घालून दिली आहे आणि जुन्या सवयीने मी ती पाळली आहे. तरीही ऐनवेळी एखादी जाहिरात आली आणि जागा कमी पडली, तर त्यांना एक विनंती आहे. कापायचं ते वरून कापा. काकू गेल्या तरी चालेल, हार्लन आणि मारिसा गेले तरी चालेल, मी गेले तरी चालेल. ही शेवटची ओळ तेवढी राहू द्या.

बेंजो : श्रावण मेश्राम, नागपूर.